तीन दिनारचा डबा

कंपनीने गुदैबियाचं ऑफिस बंद केलं तेव्हा
खुर्च्या पेशावरच्या भंगारवाल्याने नेल्या,
एसी मालकाच्या मेहुण्याने,
आणि कोपऱ्यातला हा करडा डबा
मी तीन दिनारला मागून घेतला.
परकार म्हणाला, तीन दिनारात अख्खी सुरमई येते.

शुक्रवारी नमाज पढून तो आला
तोवर मी झाकण काढून बसलो होतो.
आत धूळ. घरातली असते तशी नव्हे,
मैद्याहून बारीक,
वीस उन्हाळे दाराखालून आलेली,
तिच्यावर समुद्राचा दमटपणा बसून
जवळजवळ सिमेंट झालेली.
सायकलच्या पंपाने फुंकली
आणि दोघं शिंकत गॅलरीत पळालो.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला,
पडदा काळाच.
मग एक लांब टूंऽऽ, थांबून परत टूंऽऽ,
दाभोळच्या धक्क्यावर लाँच कुणासाठी तरी खोळंबली असावी तसा.
मेमरी, परकार म्हणाला.
पट्टी उपटली, आणि पिशवीतून
मुलीसाठी घेतलेला खोडरबर काढून
तिचे सोनेरी दात घासू लागला, हळू,
पोराचं नाक पुसावं तसा.
हिरवट मळ वर्तमानपत्रावर पडला.
खोडरबर परत पुठ्ठ्यात घालून ठेवला त्याने,
घासलेली बाजू आत.

या खेपेला एकच, आखूड टू.
आणि तारीख: एक जानेवारी दोन हजार दोन,
रात्रीचे बारा.
दर वेळी तीच. आतला सेल मेलाय.
तोच सेल खालच्या बकाल्यात
मोसंबीच्या वजनकाट्यात असतो. तीनशे फिल्स.

डिस्क मात्र अडकित्त्यासारखी कटकट करत उघडली,
आणि आत निघाला माझ्याआधीचा स्टोअरकीपर,
दिवाकर तोडणकर. मी त्याला पाहिलेलं नाही,
त्याची तिरकी सही तेवढी ओळखतो.
पाइप किती, क्लॅम्प किती, फळ्या किती,
आणि सगळ्यांच्या तळाशी एक फोल्डर: घर.
त्यात घर एक, घर दोन, घर नवीन,
घर नवीन फायनल,
घर फायनल आईने सांगितलं तसं.
हिशेबाच्या चौकटी रंगवून काढलेले नकाशे.
पहिल्यात पाच खोल्या, मग चार,
शेवटच्यात दोन आणि पडवी.
विहीर प्रत्येक नकाशात त्याच निळ्या चौकटीत,
ती काही त्याने हलवली नाही.

साफ कर नि नवं चढव, परकार म्हणाला.
मी हो म्हणालो,
आणि शनिवारी जुन्या बाजारातून
ऐंशी जीबीची दुसरी डिस्क आणली. चार दिनार.
डब्याहून महाग.
जंपर लावताना पाहिलं, लेबलावर छापलंय
एक मास्टर, एक स्लेव्ह.
परकार खो खो हसला: इथंही कफील लागतो काय रे!
तोडणकरची डिस्क खालच्या खणात बसवली,
वर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने: पुसू नये.

पेन ड्राइव्ह ह्याला ओळखू येत नाही, म्हणून सीडी.
एकोणचाळीस टक्क्यांवर अडकली.
मी चहा करून आणला. एकोणचाळीस.
परकारने तिच्या मधल्या खोलीच्या हप्त्याचं सांगितलं,
म्हणजे बहिणीच्या घराच्या,
आणि ते पुरं होईतो एकोणचाळीसच.
सीडी काढून बनियनला पुसली, परत घातली.

शेवटी ते विचारतं, तुम्ही कुठले?
यादीत मनामा नाही. कुवेत आहे, रियाध आहे.
मी कुवेत धरतो.
परकार म्हणतो, मुंबई धर,
घरी फोन लावताना बोटं मोडायला नकोत.
अडीच तासांवरून आमची अर्धा तास हुज्जत.

झाकणाचे चार स्क्रू होते, दोन सापडले.
पंखा जोरात लागला की पत्रा थरथरतो.
सध्या खाली विजेचं बिल घडी करून सारलंय,
भरलेलं.